मदत हवी आहे: डेव्ह कंटेनरमधून ईएसपी३२ सापडत नाही

मंडळी, होम असिस्टंटसाठी (घरातली स्मार्ट उपकरणं एकत्र चालवणारं सॉफ्टवेअर) स्वतःचं इंटिग्रेशन, म्हणजे आपलं उपकरण त्याला जोडणारा कोड, लिहायला घेतलंय आणि सेटअपमध्येच घोडं अडलंय.

कोथरूडला राहतो. सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीत पाण्याची पातळी मोजायला ईएसपी३२ (वायफाय असलेला छोटा कंट्रोलर) बसवलाय. (गुरुवारी पाणी बंद असलं की सकाळपासून "किती उरलंय हो?" सुरू होतं. म्हणून हा खटाटोप.)

लॅपटॉपवर विंडोज १०, डब्ल्यूएसएल२ (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय), डॉकर आणि कोड लिहायला व्हीएस कोड. होम असिस्टंट डॉकरच्या डेव्ह कंटेनरमध्ये, म्हणजे डेव्हलपमेंटसाठीच्या वेगळ्या कप्प्यात चालतं. आधी कोड सी ड्राइव्हवर ठेवला होता, तेव्हा सगळं गोगलगायीसारखं चालायचं. लिनक्सच्या होम फोल्डरमध्ये हलवल्यावर सुटलो. मॅनिफेस्टमध्ये (इंटिग्रेशनची माहिती देणारी फाइल) व्हर्जन लिहायचं राहिलं होतं, त्यात एक अख्खी संध्याकाळ गेली. कस्टम इंटिग्रेशनला ते लागतंच, हे लॉग नीट वाचल्यावर कळलं. आता ८१२३ पोर्टवर होम असिस्टंटचं पान उघडतं, इंटिग्रेशनही यादीत दिसतं.

पण डिव्हाइस आपोआप सापडत नाही. आयपी हाताने टाकला की रीडिंग येतं, म्हणजे वायफाय ठीक आहे. झिरोकॉन्फचे (नेटवर्कवरची उपकरणं आपोआप शोधायची पद्धत) मल्टिकास्ट पॅकेट, म्हणजे एकदम अनेकांना पाठवलेले संदेश, कंटेनरपर्यंत पोचतच नसावेत. डॉकरला होस्ट नेटवर्क देऊन पाहिलं, पण तिथला 'होस्ट' म्हणजे डब्ल्यूएसएलच, घरचं नेटवर्क नव्हे. डब्ल्यूएसएलला विंडोजचंच नेटवर्क देणाऱ्या मिरर्ड मोडसाठी विंडोज ११ हवं, आणि या लॅपटॉपला ते झेपत नाही.

कोणी यातून वाट काढलीये का? की जुन्या डेस्कटॉपवर सरळ उबुंटू टाकून तिथेच काम करू? डिस्कव्हरी (आपोआप सापडणं) सोडून पुढे जाता येईल, पण शेजारच्या काकांना आयपी टाकायला शिकवायची माझी तयारी नाही.