वारली लग्नात धवलेरी का भटजी? घरात वाद चाललाय, सांगा कोणीतरी

तलासरीवाला
आम्ही वारली, घर तलासरी तालुक्यात, मी वापीला कंपनीत कामाला. धाकट्या भावाने बायको घरात आणली त्याला बरीच वर्षं झाली, मुलगीपण आहे, पण पैशावाचून लग्न राहून गेलं. आमच्याकडे ह्यात नवीन काही नाही, बापाचं आणि पोराचं लग्न एकाच मांडवात लागलेलंपण बघितलंय. आता वैशाखात उरकायचं ठरलंय तर पोरांना डीजे पाहिजे, मोठा मंडप पाहिजे, भटजी पाहिजे. आजी म्हणते धवलेरी, म्हणजे गाणी म्हणून लग्न लावणारी आपली बाई, ती नाही तर लग्नच नाही. भाऊ म्हणतो भटजी नसला तर सरकारी कागद मिळत नाही. आणि बाबा ह्या सगळ्यासाठी वीटभट्टीच्या शेठकडून उचल, म्हणजे पुढच्या मजुरीवर आगाऊ पैसे, घ्यायला निघालेत. कागदाचं खरं काय ते सांगा आधी.

विक्रमगडची_ताई
भावाला सांगा असं काही नाही. हिंदू विवाह कायदा १९५५ चा, त्याच्या कलम २ मध्येच लिहिलंय की केंद्र सरकारने वेगळी अधिसूचना काढल्याशिवाय तो अनुसूचित जमातींना लागू नाही, म्हणजे सप्तपदी वगैरे आपल्याला बंधनकारक नाहीच, आपल्या रिवाजाने लागलेलं लग्न हे लग्नच. नोंदणी मात्र नक्की करा, ग्रामसेवकाकडे होते, तीन साक्षीदार लागतात. फॉर्मवर पुरोहिताची सही मागतात तिथे माझ्या बहिणीच्या वेळी धवलेरी आजीचा अंगठा घेतला. ग्रामसेवक आधी कुरकुरला, पण लग्न जिने लावलं तिचाच अंगठा ना, मग घेतला. उद्या वाद झाला, नवऱ्याने टाकलं, तर कोर्ट विचारतं तुमचा रिवाज काय ते सिद्ध करा, आणि तेव्हा बाईच अडकते. म्हणून मांडवातले फोटो आणि कागद दोन्ही वहिनीकडे ठेवा.

जुना_कार्यकर्ता
पोरा, धवलेरी-भटजी नंतर बघ, आधी बाबांना उचलीपासून अडव. लग्नगडी काय असायचा हे घरच्या म्हाताऱ्यांना विचार. लग्नाला सावकाराकडून पैसे घ्यायचे आणि मग नवरा-बायको दोघांनी त्याच्याकडे राबायचं, किती वर्षं त्याला हिशोब नाही, बाईवर मालकाचा हात पडला तरी तोंड उघडायचं नाही. १९४५ ला तुमच्याच तालुक्यात झरीला हजारो वारली जमले, किसान सभेचे गोदावरी आणि शामराव परुळेकर होते, तिथून वेठ आणि लग्नगडी मोडायला सुरुवात झाली. आणि आता आपणच लग्नासाठी शेठची उचल घेऊन दिवाळीनंतर भिवंडी-वसईच्या भट्टीवर जोडीने जाणार, पोरीची शाळा सोडवून? मला हे वाचून रात्री झोप लागणार नाही.

जव्हारचा_विकी
काका पटतंय, पण पोरांनापण समजून घ्या. कंपनीतले मित्र येणार, त्यांच्यासमोर चांगलं दिसावं असं वाटणारच. संस्कृती टिकवा सांगणारे बरेच जण स्वतः हॉलमध्ये लग्न करतात. एक रात्र डीजे वाजला तर कोणाचं काय जातं, मात्र पगारातून वाजवा, उचलीतून नको.

गेरूमाती
मी चौकाबद्दल, म्हणजे लग्नघराच्या भिंतीवरच्या चित्राबद्दल लिहिते. आमचं घर सिमेंटचं झालंय, माझ्या लग्नात आईने एका भिंतीला शेण लिंपून वर गेरू दिला, आणि सवाशिणींनी तांदळाच्या पिठाने चौक लिहिला, बांबूच्या काडीचं टोक चावून चावून मऊ करायचं आणि त्याने. मधे पालघट देवी, आपली लग्नाची देवी, बाहेर चंद्र, सूर्य, शिडी, फणी. धवलेरी बाजूला बसून एकेका देवाचं नाव घेत गात होती, सगळी गाणी तोंडपाठ, कुठे लिहिलेली नाहीत. ह्याला खर्च म्हणाल तर पीठ आणि गेरू. जिव्या सोमा म्हसे यांना २०११ ला पद्मश्री मिळाली, आपली चित्रं जगभर गेली, चांगलंच झालं, पण मुळात भिंतीवर लिहिणाऱ्या ह्या बायाच होत्या आणि आता साडीवर, कपावर वारली छापलेली दिसते पण लग्नाच्या घरात भिंत कोरी. आमच्या पाड्यात आता एकच धवलेरी उरलीये आणि तिच्या हाताखाली शिकायला कोणी पोरगी बसत नाही. तुमच्या आजीला गाणी येत असतील तर वैशाखाची वाट बघू नका, आत्ताच मोबाईलवर रेकॉर्ड करा, वहिनीला शेजारी बसवा.

तलासरीवाला
सगळ्यांचे आभार. ताई, तुमचा मेसेज भावाला वाचून दाखवला, कागदाची भीती गेली त्याची, भटजी कॅन्सल. बाबांशी काल बोललो, भरपूर चिडले, लोक काय म्हणतील वगैरे, पण लग्नगडीचं काढलं तेव्हा गप्प झाले कारण त्यांचा आजाच लग्नगडी होता हे मला पहिल्यांदा कळलं. उचलीचं अजून नक्की नाही म्हणत नाहीत. माझ्याकडे बोनसचे थोडे आहेत, मंडप लहान करतो. तारपावाला, म्हणजे आपलं फुंकून वाजवायचं तारपा वाद्य वाजवणारा, कोणी डहाणू-तलासरी बाजूला असेल तर नंबर मेसेजमध्ये पाठवा.