मदत हवी आहे: प्रा. आ. केंद्र आणि सहा उपकेंद्रांचा अबंधित निधी बीपी-शुगरच्या रुग्णांसाठी एकत्र कसा वापरावा?

डोंगरवाट

नमस्कार. एका प्राथमिक आरोग्य केंद्राचं आणि त्याखालच्या सहा उपकेंद्रांचं वर्षाचं नियोजन करायचं आहे. लोकसंख्या साधारण ३१ हजार. सहाही उपकेंद्रं आयुष्मान आरोग्य मंदिरं (पूर्वीची आरोग्यवर्धिनी केंद्रं) आहेत. अबंधित निधी (स्थानिक गरजेनुसार खर्च करायची वर्षाची रक्कम) केंद्राला १ लाख ७५ हजार आणि उपकेंद्राला प्रत्येकी ५० हजार धरला तर एकूण ४ लाख ७५ हजार होतात. हा निधी खर्च करणाऱ्या जन आरोग्य समित्या सगळीकडे आहेत.

अडचण अशी आहे. उपकेंद्रात बीपी जास्त निघालं की रुग्णाला केंद्रात पाठवतात, पण तो पोचला का हे सीएचओला (उपकेंद्राच्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला) कळत नाही. ग्रामीण रुग्णालयात गोळ्या बदलून दिल्या तरी गावात जुन्याच चालू राहतात. क्षयरोग आणि मधुमेह दोन्ही असलेल्यांची नोंद दोन ठिकाणी होते आणि पाठपुरावा कुठेच होत नाही.

१) सातही समित्यांचे पैसे एका खात्यात आणून खरेदी करता येते का?
२) निधी नेमका कशावर घालावा?
३) गेल्या वर्षीचं उपयोगिता प्रमाणपत्र (निधी खर्च झाल्याचा दाखला) तालुक्याहून दोनदा परत आलं. कॅशबुकाशी जुळतं, तरी पीएफएमएसशी (सरकारी पेमेंटच्या ऑनलाइन प्रणालीशी) जुळत नाही असा शेरा आहे.

हिशेबवही

पहिल्याचं उत्तर नाही. निधी त्या-त्या समितीच्या नावावर मंजूर असतो. उपकेंद्राच्या समितीत सरपंच अध्यक्ष आणि सीएचओ सदस्य सचिव, केंद्राच्या समितीत वैद्यकीय अधिकारी सदस्य सचिव. एकीचा पैसा दुसरीकडे वळवला की लेखापरीक्षणात आक्षेप ठरलेलाच. पण सातही समित्यांनी एकाच महिन्यात एकाच मजकुराचा ठराव घ्यायला कुणाची हरकत नाही. वस्तूचा तपशील (मॉडेल, कफचं माप, कार्डाचा नमुना) एकच ठेवा, दरपत्रकं एकाच वेळी मागवा, बिलं मात्र सात वेगळी आणि प्रत्येकाचं पेमेंट आपापल्या खर्चमर्यादेतून. ठरावात रक्कम आणि नग दोन्ही लिहा. ‘आवश्यक साहित्य खरेदी’ एवढंच लिहिलेला ठराव टिकत नाही. आणि ४ लाख ७५ हजार ही पूर्ण रक्कम धरून बिलं लावू नका. जिल्ह्याकडून खर्चाची मर्यादा हप्त्याने येते.

तिसऱ्याबद्दल. जुलै २०२१ पासून एसएनए पद्धत (योजनेचं राज्यात एकच मुख्य खातं) आली. समितीच्या खात्यात रक्कम पडून राहत नाही, खर्चाची मर्यादा मिळते. त्यामुळे कॅशबुकात खर्च दिसतो पण पीएफएमएसवर नाही, असं साधारण तीन कारणांनी होतं. एक, पीपीए (बँकेला द्यायचा छापील पेमेंट आदेश) काढला आणि दहा दिवसांत बँकेत दिला नाही. तो रद्द होतो, कॅशबुकातली नोंद तशीच राहते. दोन, विक्रेत्याचा खातेक्रमांक किंवा आयएफएससी चुकल्यामुळे पेमेंट परत आलं. तीन, कुणाला दिलेली अगाऊ रक्कमच खर्च म्हणून लिहिली. अगाऊ रक्कम म्हणजे खर्च नव्हे. प्रमाणक (बिल-पावती) आल्यावरच तो खर्च.

पीएफएमएसवरून एप्रिल ते मार्चचा खर्चाचा अहवाल काढा, कॅशबुकाच्या प्रत्येक नोंदीपुढे त्याचा व्यवहार क्रमांक लिहा. ज्या नोंदीपुढे क्रमांक येत नाही तीच तुमची तफावत. ती दुरुस्त करून जीएफआर १२-अ (सरकारी वित्तीय नियमांतल्या) नमुन्यात प्रमाणपत्र पुन्हा भरा. नुसता आकडा बदलून तिसऱ्यांदा पाठवू नका.

कडुलिंब

दुसऱ्या प्रश्नाचं. वस्तूंची यादी करण्याआधी रुग्ण कुठे गळतात ते मोजा. ५,००० लोकसंख्येच्या उपकेंद्रात ३० वर्षांवरचे ३७ टक्के, म्हणजे १,८५० धरतात. त्यातले किती तपासले, किती संशयित, कितींचं निदान वैद्यकीय अधिकाऱ्याने पक्कं केलं, गेल्या महिन्यात किती जण गोळ्या घेऊन गेले आणि कितींचं बीपी १४०/९० च्या खाली आहे, हे पाच आकडे प्रत्येक उपकेंद्राचे काढा. सगळ्यांत मोठी घसरण जिथे असेल तिथे पैसे घाला. बहुतेक ठिकाणी ती ‘संशयित ते निदान’ आणि ‘निदान ते दुसऱ्या महिन्याची गोळी’ या दोन टप्प्यांवर असते. त्यावर महागडं यंत्र हा इलाज नाही.

हायपरटेन्शन कंट्रोलच्या (उच्च रक्तदाब नियंत्रणाच्या) कार्यक्रमात महाराष्ट्रातले पहिले जिल्हे सिंधुदुर्ग, सातारा, भंडारा आणि वर्धा. त्या कामातली सगळ्यांत उपयोगी गोष्ट म्हणजे उपचार कार्ड आणि त्याचा खोका. प्रत्येक रुग्णाचं एक कार्ड उपकेंद्रात, एक छोटी पुस्तिका रुग्णाकडे. खोक्यात बारा महिन्यांचे बारा कप्पे. रुग्ण आला की कार्डावर बीपी आणि गोळी लिहायची आणि कार्ड पुढच्या तारखेच्या महिन्यात सरकवायचं. महिना संपल्यावर मागच्या कप्प्यात जी कार्डं उरली, तेच न आलेले लोक. त्यांची नावं आशाला द्यायची, गावानुसार, दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात. पोर्टलवरची नोंद हवीच, पण नेट नसलं तरी हा खोका चालतो.

संदर्भ चिठ्ठी (रुग्णाला पुढे पाठवताना द्यायची) तीन प्रतींत छापा. एक रुग्णाला, एक उपकेंद्रात, तिसरी रुग्णासोबत केंद्रात जाते आणि मागच्या बाजूला निदान, डोस आणि पुढची तारीख लिहून आशांच्या मासिक सभेत परत येते. ग्रामीण रुग्णालयालाही हाच नमुना द्या. बदललेला डोस गावापर्यंत पोचायला आज दुसरी वाट नाही. चिठ्ठी परत आली नाही तर सीएचओने फोन करायचा, हेही ठरावात लिहा.

क्षयरोग-मधुमेहाचं: प्रत्येक क्षयरुग्णाची रक्तशर्करा तपासा, आणि मधुमेहाच्या प्रत्येक रुग्णाला दर भेटीत चार गोष्टी विचारा: दोन आठवड्यांहून जास्त खोकला, ताप, वजन घटणं, रात्रीचा घाम. कार्डावरच चार चौकटी छापल्या की विचारायचं राहत नाही. त्याच कार्डावर निक्षय क्रमांकाला (क्षयरुग्णाच्या सरकारी पोर्टलवरच्या नोंदणी क्रमांकाला) जागा ठेवा.

डोंगरवाट

हे फारच उपयोगी. मग अबंधित निधीतून अम्लोडिपिन (बीपीची गोळी) आणि शुगर तपासायच्या पट्ट्या घेऊ का? उपकेंद्रात महिन्याच्या गोळ्या पुरत नाहीत, म्हणून दहा-पंधरा दिवसांच्याच देतात.

कडुलिंब

दहा दिवसांच्या गोळ्या हेच गळतीचं कारण आहे. मजुरी बुडवून महिन्यात तीनदा कोण येणार? स्थिर रुग्णाला ३० दिवसांच्याच द्या. पण नेहमीची औषधं अबंधित निधीतून घेऊ नका, ती शासकीय पुरवठ्यातून येतात. मागणीच चुकीची जाते. रुग्ण नाही, गोळ्या मोजा. १५० रुग्ण, रोज ५ मिग्रॅची एक गोळी म्हणजे महिन्याला ४,५००. त्यातल्या ४० जणांना १० मिग्रॅ लागत असेल तर आणखी १,२००, म्हणजे ५,७००. तीन महिन्यांचा साठा धरून १७,१०० ची मागणी औषध निर्माण अधिकाऱ्याकडून ई-औषधीवर (औषधसाठ्याच्या सरकारी ऑनलाइन प्रणालीवर) टाका. साठा एका महिन्यावर आला की पुढची मागणी. मधल्या खंडापुरती थोडी स्थानिक खरेदी करायची तर कारण लिहून ठराव घ्या.

पट्ट्या ग्लुकोमीटरच्या त्याच मॉडेलच्या लागतात. सहा उपकेंद्रांत चार प्रकारची यंत्रं असतील तर पट्ट्या एकमेकांना उसन्या देता येत नाहीत, म्हणून आधी यंत्र एकच करा. ५० ची डबी उघडल्यावर साधारण तीन महिन्यांत संपवायची असते, मुदत डबीवर बघा, उघडल्याची तारीख पेनाने लिहा. पावसाळ्यात झाकण उघडं राहिलं की आकडे चुकतात.

हिशेबवही

पगार, मानधन, सत्कार, वाहनखरेदी यातलं काहीही या निधीत बसवू नका. तातडीच्या रुग्णाला पुढे नेण्याचा खर्च बसतो, पण १०८ किंवा १०२ ची रुग्णवाहिका मिळाली नाही अशी नोंद आणि वाहनाची पावती हवी. त्यासाठी प्रत्येक उपकेंद्राने दहा हजार वेगळे ठेवावेत.

प्रयोगशाळेची मोठी उपकरणं यात ओढू नका. त्यासाठी १५ व्या वित्त आयोगाचं आरोग्य अनुदान वेगळं होतं, २०२१-२२ ते २०२५-२६ साठी देशभरात ७०,०५१ कोटी. त्यात निदान सुविधांचा स्वतंत्र घटक होता. त्यातून तुमच्या केंद्रात काय आलं ते जडवस्तू संग्रह नोंदवहीत (टिकाऊ सामानाच्या रजिस्टरात) पाहा. रिएजंटअभावी (तपासणीच्या रसायनाअभावी) बंद पडलेला अ‍ॅनालायझर (रक्ततपासणीचं यंत्र) निघाला तर रिएजंटची मागणी आधी लावा.

नाडी_ठोके

एक भर. बीपीची डिजिटल यंत्रं घेताना दंडावरचीच घ्या, मनगटावरची नकोत. प्रत्येक यंत्राबरोबर मोठा कफ (३२ ते ४२ सेंमी) मागवा. जाड दंडावर नेहमीचा २२ ते ३२ सेंमीचा कफ बांधला तर बीपी खोटं जास्त येतं आणि बीपी नसलेल्यांनाही केंद्रापर्यंत खेप पडते. मोजण्याआधी पाच मिनिटं बसवा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीत. त्याआधी अर्धा तास चहा-तंबाखू नको. दोन वाचनं घ्या, दोन्ही कार्डावर लिहा. खर्चाच्या यादीत पाठीची खुर्ची आणि टेबल नक्की घाला. बऱ्याच उपकेंद्रांत रुग्ण स्टुलावर बसतो आणि हात लोंबकळत असतो.

डोंगरवाट

सर्वांचे मनापासून आभार. पाच आकड्यांचा तक्ता या महिन्यातच सहाही उपकेंद्रांकडून मागवते, आणि ठरावाचा कच्चा मसुदा इथे टाकते. हिशेबवही, तेव्हा रकमांवर एकदा नजर टाकाल का?