विद्यापरिषदेत अभ्यासक्रमाचा प्रस्ताव नेमका कशावर अडतो?

खडूफळा

नमस्कार मंडळी. मी संख्याशास्त्र शिकवतो. आमच्या अभ्यास मंडळानं वर्षभर घासून पहिल्या दोन वर्षांचा अभ्यासक्रम बदलला. संभाव्यतेचा पेपर दुसऱ्या सत्रातून चौथ्यात नेला आणि त्याच्या जागी डेटा विश्लेषणाची ओळख आणली. मंडळात एकमत, विद्याशाखेच्या बैठकीत एकमत. मग सगळ्या विषयांच्या प्रस्तावांना अंतिम मान्यता देणारी विद्यापरिषद, विषय क्रमांक 14. मी घड्याळाकडे बघत होतो, चार मिनिटं. एका बाईंनी विचारलं, "जुन्यांचं काय?" आमचे अधिष्ठाता (विद्याशाखेचे प्रमुख) गप्प. अध्यक्ष म्हणाले, "परत पाठवा."

इतिवृत्तात, म्हणजे बैठकीच्या अधिकृत नोंदीत, काय आलं माहितीये? "सविस्तर चर्चेअंती फेरविचारार्थ अभ्यास मंडळाकडे परत." सविस्तर चर्चा!

42 पानांचा प्रस्ताव होता. ही मंडळी वाचतात तरी का? आणि वाचत नसतील तर बघतात काय?

निवृत्त टिपणी

सर, मी 26 वर्षं शैक्षणिक विभागात होतो. परिषदेपुढे जाणाऱ्या विषयांवर टिपणी लिहायचं काम. तेव्हा आधी कबूल करून टाकतो, 42 पानं कुणीही वाचत नाही. वाचू नयेतही. संभाव्यतेत कोणतं प्रमेय आधी घ्यायचं हे इतिहासाच्या आणि वनस्पतिशास्त्राच्या माणसांनी ठरवायचं असेल तर अभ्यास मंडळ कशाला हवं? परिषद बघते ते तुमच्या बदलाचा धक्का तुमच्या विषयाबाहेर कुणाकुणाला बसतो ते.

बाईंचा प्रश्न दोन शब्दांचा होता, पण नेमका होता. समजा एक मुलगी गेल्या वर्षी दुसऱ्या सत्रात संभाव्यतेत नापास झाली. यंदा दुसऱ्या सत्रात तो पेपरच नाही. ती बसणार कुठे? आणि जी पास झाली ती? चौथ्या सत्रात तिच्यापुढे तोच पेपर पुन्हा येणार, आणि डेटा विश्लेषण तिला कधी भेटणारच नाही. यासाठी समकक्षता तक्ता जोडायचा असतो: डावीकडे जुना पेपर, उजवीकडे त्याच्या बदल्यात कोणता, आणि जुन्या पेपरची परीक्षा आणखी किती वेळा घेणार. शिवाय बदल तुकडीबरोबर पुढे सरकवायचा. यंदा नवं दुसरं सत्र, पुढच्या वर्षी नवं चौथं. दोन्ही एकदम लावली की मधली तुकडी सापडलीच कचाट्यात.

आता मी टिपणी लिहायला बसलो असतो तर आणखी एक शेरा मारला असता. तुमचा दुसऱ्या सत्राचा पेपर तिसऱ्या सत्रात अर्थशास्त्रवाले पूर्वअट म्हणून वापरतात का? असतील तर त्यांच्या मंडळाचं संमतिपत्र कुठे आहे?

श्रेयांकांचं (क्रेडिट्सचं) तर विचारूच नका. युरोपातल्या पद्धतीत वर्षाला 60 श्रेयांक आणि प्रत्येकामागे विद्यार्थ्याचे 25 ते 30 तास, म्हणजे वर्षाचे 1500 ते 1800 तास धरतात. आकडे पद्धतीगणिक वेगळे, पण हिशेब सगळीकडे हाच: वर्षात तास तेवढेच, तेव्हा एक घटक आत आला की दुसरा बाहेर गेला पाहिजे. माझ्या टेबलावर आलेल्या प्रस्तावांत नवे घटक वाजतगाजत यायचे आणि जुना एकही जागचा हलायचा नाही. तीन रकान्यांचा नमुना असायचा: जुना मजकूर, नवा मजकूर, कारण. कारणाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत "कालानुरूप बदल", आणि त्याखाली "वरीलप्रमाणे", "वरीलप्रमाणे". मी पेन्सिलीनं प्रश्नचिन्हं काढून थकलो.

अर्धविराम

टिपणीकाका, तुम्ही फार गोड चित्र रंगवताय. मी एका परिषदेत तीन वर्षं बसलोय. महत्त्वाचं सगळं 'ऐनवेळचे विषय' म्हणून यायचं. कागद टेबलावर पडायचे, वाचेपर्यंत "मंजूर, मंजूर". नाहीतर प्रमुखांनी विशेषाधिकारात आधीच मान्यता दिलेली असायची आणि आमच्याकडे कार्योत्तर मान्यतेसाठी यायचं. तोवर प्रवेशही होऊन गेलेले. आता काय नाही म्हणणार?

निवृत्त टिपणी

गोड नाही हो. असले कागद मी स्वतः वाटलेत, ऐनवेळी, अजून गरम झेरॉक्स.

पण एक सांगतो. अशा वेळी भिन्नमत तिथल्या तिथे, लेखी द्यायचं आणि इतिवृत्तात घ्यायला लावायचं. लोक पुढच्या बैठकीत इतिवृत्त कायम करताना भांडायला उठतात. तिथे नोंद बरोबर झाली की नाही एवढंच बोलता येतं, निर्णय काही उकरता येत नाही.

आणि परिषद कधीच काही वाचत नाही असंही नाही. अभ्यासक्रमांपेक्षा धोरणांवर ती जास्त जागी असते, कारण ती सगळ्यांनाच लागू होतात. एकदा परीक्षेच्या नियमांचा मसुदा आला होता: "आजारपणामुळे गैरहजर राहिलेल्या विद्यार्थ्यास पुनर्परीक्षेची संधी देता येईल." कायदा शिकवणारे एक सदस्य उठले. म्हणाले, "'देता येईल' म्हणजे कुणाच्या मर्जीवर?" 50 मिनिटं त्या एका क्रियापदावर गेली. 'देता येईल' ठेवलं तर देणाऱ्याचा अधिकार, 'देण्यात येईल' केलं तर मुलाचा हक्क. शेवटी 'देण्यात येईल' झालं. लगेच परीक्षा विभाग उठला: मग दाखला कुणाचा, किती दिवसांत? सात दिवस ठरले. मग सात दिवस कुठून मोजायचे, पेपरच्या दिवसापासून की बरा झाल्यापासून? एका वाक्याची चार झाली. अंमल पुढच्या प्रवेशांपासून की आत असलेल्यांनाही, यावर पुन्हा वीस मिनिटं. कंटाळवाणं होतं. पण त्यानंतर त्या नियमावरून माझ्याकडे एकही तक्रार आली नाही, आणि जुन्यावरून दर सत्राला यायच्या.

सत्र सहा

मी काकांच्या 'मधल्या तुकडी'तली. आम्हाला एकच विषय दुसऱ्या आणि चौथ्या सत्रात वेगवेगळ्या नावांनी शिकवला. दुसऱ्यांदा मार्क चांगले पडले, त्यामुळे माझी वैयक्तिक तक्रार नाही 🙂 पण जुन्या पेपरची परीक्षा शेवटचीच आहे हे परिपत्रक अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी लागलं. माझ्या दोन मैत्रिणींचा पेपर तेवढ्यामुळे राहिला. परिषदेवर विद्यार्थी प्रतिनिधी होता म्हणे. त्यालाही कागद आदल्या रात्री मिळाले होते.

खडूफळा

सगळ्यांचे आभार. राग थोडा उतरला, थोडाच. वर्ष गेलं हे खरंच आहे.

अर्थशास्त्राच्या विभागात विचारून आलो. होय, तिसऱ्या सत्रात त्यांना संभाव्यता लागते. त्यांच्या मंडळाला आमच्या बदलाचा पत्ताच नव्हता. मजला एकच आहे आमचा.

निवृत्त टिपणी

वर्ष गेलं म्हणून फार मनाला लावून घेऊ नका. केंब्रिजमध्ये पदवीसाठी ग्रीकची सक्ती काढण्याचे प्रयत्न 1891 आणि 1905 साली मतदानात पडले. सक्ती सुटली 1919 साली. ऑक्सफर्डनं 1920 साली सोडली. तुमचा तक्ता पुढच्या बैठकीतच मार्गी लागेल. तिथे फक्त अर्थशास्त्रवाल्यांचं पत्र हवं. "तोंडी चर्चा झाली" असं लिहू नका, मी असतो तर परत पाठवलं असतं.

खडूफळा

पत्र मागितलंय. तक्त्याची पहिली ओळ अर्ध्या मिनिटात झाली. तिसरीवर अडलोय. जुना पेपर चार श्रेयांकांचा, बदलीचा तीनचा. एक श्रेयांक उरतो. तो प्रकल्पात घालू का?

निवृत्त टिपणी

नको. प्रकल्प वेगळ्या शीर्षाखाली मोजला जातो, गुणपत्रिकेची बेरीज फसेल. त्या पेपरपुढे समकक्ष 'नाही' लिहा आणि जुन्या नावानंच आणखी तीन परीक्षा ठेवा. आणि तारखा तक्त्यातच टाका, परिपत्रकावर सोडू नका. सत्र सहाच्या मैत्रिणींचं वाचलंत ना वर.