वाडीत दोनच तारा आणि मशीन थ्री फेजचं: तुम्ही काय केलंत?

कोल्हापूर-बेळगावकडून जुनी लेथ, रंधा मशीनं घाट उतरून इकडे येतात. बनावट दणकट, किंमत परवडणारी, आणि बहुतेकांवर मोटर थ्री फेज, म्हणजे तीन फेजच्या तारांवर चालणारी. आपल्या वाडीत मात्र खांबावरून दोनच तारा आलेल्या, एक फेज आणि एक न्यूट्रल. तिन्ही फेज आणायच्या तर मुख्य रस्त्यापासून खांब आणि तारा, कधी कधी ट्रान्सफॉर्मरसुद्धा. त्यात लाईन कुणाच्या तरी फणसावरून जाणार, म्हणजे भाऊबंदकी आलीच.

म्हणून हा धागा. नुसतं 'कन्व्हर्टर (एका फेजच्या तीन करणारं यंत्र) घ्या' लिहून पळू नका. मोटर किती एचपीची, पाटीवर काय छापलंय, काय जळलं, हे लिहा. सुरुवात मीच करतो.

धागाकर्ता, कुडाळ (सुतारकाम)

तिसरी फेज तयार करणं सोपं आहे. माणूस अडतो तो ४१५ व्होल्टला. माझ्या रंध्याची मोटर ३ एचपी, पाटीवर ४१५ व्होल्ट, स्टार (आतल्या तीन कॉइलींची एकेक टोकं एका गाठीत). सिंगल फेजवर चालणारा व्हीएफडी (मोटरीचा वेग बदलणारा इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह) २३० व्होल्ट घेतो आणि तीन फेज देतो खऱ्या, पण त्याही २३० च्याच. म्हणजे मोटर डेल्टात, कॉइली एकमेकींना त्रिकोणात, जोडायला हवी, तरच प्रत्येक कॉइलला पूर्ण २३० मिळतात. टर्मिनल बॉक्समध्ये सहा टोकं असतील तर पट्ट्या बदलल्या की काम झालं. माझ्या मोटरीत तीनच होती, स्टारची गाठ आत वायंडिंगमध्ये.

ती वायंडिंगवाल्याने सोडवली, ते बघण्यासारखं होतं. वार्निश मऊ करून त्याने कॉइलच्या डोक्यावरचा दोरा कापला, तीन टोकं एकत्र पिळलेली गाठ शोधली, ती सुटी करून प्रत्येकाला नवी वायर डाग देऊन जोडली आणि वर स्लीव्ह चढवली. मग पुन्हा दोऱ्याने बांधून वार्निश. कॉइल एकही बदलली नाही. रिवायंडिंगचा खर्च सांगणारे भेटतात, त्यांना आधी एवढंच विचारा: गाठ सोडता का?

डेल्टात गेल्यावर त्याच मोटरीचा करंट साडेचार अँपिअरवरून आठच्या आसपास जातो. आणि पूर्ण लोडवर ड्राइव्ह लाईनमधून वीसच्या वर ओढतो. त्यामुळे घरातल्या १६ अँपिअरच्या सॉकेटवर हा प्रकार नको. मीटरपासून ४ चौरस मिमीची स्वतंत्र वायर, स्वतंत्र एमसीबी.

हर्णे बंदर, लेथ वर्कशॉप

बोटींचे शाफ्ट, बुश असली कामं. लेथ २ एचपी, व्हीएफडीवर. वेग हातात येतो हा मोठा फायदा, पण नॉब खाली खाली आणून जड कट घेऊ नका. मोटरीचा पंखा तिच्याच शाफ्टवर असतो, तो मंदावला की मोटर तापते. जड कामाला गिअर बदला.

दुसरं म्हणजे ड्राइव्ह आणि मोटर यांच्यामध्ये लेथचा जुना फॉरवर्ड-रिव्हर्स स्विच ठेवू नका. चालू असताना तो फिरवला की ड्राइव्ह जाऊ शकतो. तोच स्विच ड्राइव्हच्या कंट्रोल टर्मिनलला जोडा, हात तिथेच राहतो. आणि चक (काम धरणारा जबडा) आट्यांवर चढवलेला असेल तर रिव्हर्सला आणि झटक्यात थांबवायला जपून. चक सुटून अंगावर येतो.

आमच्या इथे खरा शत्रू खारी हवा. पहिल्या ड्राइव्हचं कार्ड पावसाळ्यात हिरवं पडलं. आता ड्राइव्ह मोठ्या बंद पेटीत आहे, आणि पावसाळ्यात काम नसतानाही आत एक छोटा बल्ब जळत ठेवतो, म्हणजे दव धरत नाही. पेटी उघडायची तर मेन बंद करून निदान दहा मिनिटं थांबा, आतले कपॅसिटर तोवर भरलेले असतात.

गुहागर, खोबरेल तेलाचा घाणा

आमचं काम कंडेन्सरवर (म्हणजे कपॅसिटरच). मोटर २ एचपी, डेल्टात. फेज आणि न्यूट्रल दोन टोकांना, आणि तिसऱ्या टोकाला कंडेन्सरमधून. हिशेब किलोवॅटला साधारण ७० मायक्रोफॅरड, म्हणजे आमच्याकडे शंभरच्या आसपास. ताकद पाटीवरच्या दोन-तृतीयांश मिळते असं धरून चाला.

पण अशी मोटर उचल घेताना लेचीपेची. घाण्यात खोबरं असताना बटण दाबलं तर नुसती घुमते आणि तापते. म्हणून पट्ट्याला ताण देणारी पुली बसवली. पट्टा सैल ठेवून मोटर पूर्ण वेगात येऊ द्यायची, मग लिव्हर ओढून पट्टा हळूहळू ताणायचा. खर्च फार थोडा.

धागाकर्ता

कंडेन्सर रनिंगचाच घ्या, ४४० व्होल्टचा. स्टार्टिंगचा काळा डबा काही सेकंदांपुरता असतो, कायम जोडून ठेवलात तर फुटतो.

मालवण, भातगिरण

मी मालवणीतच सांगतंय. माझी मोटर धा एचपीची. सिंगल फेजवर ह्या जमाचा नाय, उगाच पैशे घालवू नकात. मी थ्री फेजच घेतलंय. पण थ्री फेज इली म्हणान निवांत रवाक गावता असा नाय. पावसात झाडाची फांदी पडता, ट्रान्सफॉर्मरवरचो एक डीओ (फ्यूज) उडता, आणि मोटर दोनच फेजवर कण्हत रवता. तेका सिंगल फेज प्रिव्हेंटर, एक फेज गेली की मोटर बंद करणारो, व्हयोच. शेजाऱ्यान लावूक नाय, तेची मोटर जळान दोनदा भरूक (रिवायंडिंगाक) गेली.

श्रीवर्धन, फॅब्रिकेशन आणि लेथ

माझ्याकडे एकाहून जास्त मशीनं, प्रत्येकाला ड्राइव्ह कोण घेणार? मी रोटरी कन्व्हर्टर केलं. आधी २३० चे ४१५ करणारा ट्रान्सफॉर्मर, मग एक रिकामी फिरणारी थ्री फेज मोटर. ती कंडेन्सरने उठते आणि तिसरी फेज ती स्वतः तयार करते. तिच्यावर मशीनं आहेत तशी चालतात, आतलं काही उघडावं लागत नाही. ५ एचपीच्या काही मोटरी ४१५ वर डेल्टातच असतात, त्यांना वरची गाठ सोडायची युक्ती लागू नाही. त्यांना हाच रस्ता.

नियम दोन. फिरती मोटर सगळ्यात मोठ्या मशीनपेक्षा मोठी हवी, मी दीडपट धरली. आणि स्टार्टरची कॉइल तयार केलेल्या फेजवर घेऊ नका, त्या टोकाचं व्होल्टेज लोडप्रमाणे हलतं आणि कॉन्टॅक्टर (स्टार्टरमधला स्विच) फडफडतो. आवाज मात्र दिवसभर सोसावा लागतो.

३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर इकडे वीज यायला फार वेळ लागला. पत्रे बसवायची कामं दारात, आणि हेच सगळं तेव्हा सिंगल फेज जनरेटरवर चाललं. उठताना रिकामी मोटरच जनरेटरला दमवते, म्हणून तो ऐसपैस हवा.

दापोली, बचत गट (मसाला)

आम्ही यातलं काहीच केलं नाही. पल्व्हरायझरची (मसाला दळायच्या मशीनची) थ्री फेज मोटर विकली आणि ३ एचपीची सिंगल फेज बसवली. घेताना शाफ्टचा व्यास, पायापासून शाफ्टची उंची आणि आरपीएम जुन्या पाटीशी जुळवून घ्या. १४४० च्या जागी २८८० आणलीत तर मशीनच्या चिंधड्या. सुरू करताना शेजारच्यांचे दिवे क्षणभर मंदावतात, त्यांनाही मसाला कुटून देतो, त्यामुळे तक्रार नाही!

देवगड, नवीन सुरुवात

दोन प्रश्न. घरगुती मीटरवर चालेल का? आणि मे महिन्यात संध्याकाळी आमच्याकडे व्होल्टेज १८५ पर्यंत उतरतं, तेव्हा?

धागाकर्ता

घरगुती मीटरवर धंदा करू नका. वीज कायदा २००३ च्या कलम १२६ मध्ये तो अनधिकृत वापर ठरू शकतो, आणि मग आकारणी दुप्पट दराने. मंजूर भारही आधी वाढवून घ्या. व्होल्टेजचं हर्णेकर सांगतील.

हर्णे बंदर, लेथ वर्कशॉप

ड्राइव्ह काही व्होल्टेज पैदा करत नाही. लोड आला की अंडरव्होल्टेज दाखवून ट्रिप होतो, आणि कंडेन्सरवाल्या मोटरी न बोलता जळतात. आधी मीटरजवळ आणि मशीनजवळ, दोन्हीकडे मशीन चालू असताना व्होल्टेज मोजा. फरक मोठा असेल तर तुमची वायर बारीक आहे, ती बदला. मीटरजवळच १८५ असेल तर रीतसर अर्ज द्या, आणि तोवर जड कटिंग पहाटे उरका. आम्ही मेमध्ये तेच करतो.