उत्क्रांतिशास्त्रातून संस्थांनी कृत्रिम बुद्धिमत्तेबाबत नेमके काय घ्यावे?

प्रश्न (कार्यपद्धती):
आमच्या संस्थेत कागदपत्रांची छाननी, पत्रांचे मसुदे आणि अहवाललेखन यांसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आली आहेत. या विषयावरील प्रत्येक बैठकीत 'बलवान नव्हे, बुद्धिमानही नव्हे, तर बदलाला प्रतिसाद देणारी जात टिकते' हे वाक्य डार्विनच्या नावावर ऐकवले जाते आणि त्याच दमात सर्व विभागांनी एकच साधन, एकच पद्धत ताबडतोब स्वीकारावी, असा आग्रह धरला जातो. या शास्त्रातून खरोखर काही शिकण्यासारखे आहे, की ही नुसती भाषणांची सजावट आहे?

उत्तर (जाड चोच):
ते वाक्य डार्विनच्या लिखाणात कुठेही नाही, हे आधी सांगतो. शिकण्यासारखे मात्र पुष्कळ आहे, आणि ते तुमच्या बैठकीतील आग्रहाच्या जवळजवळ उलट आहे. प्रशांत महासागरातील गालापागोस बेटसमूहातल्या डॅफ्ने मेजर या छोट्या बेटावर पीटर आणि रोझमेरी ग्रँट या जीवशास्त्रज्ञ दांपत्याने 1973 पासून फिंच पक्ष्यांच्या चोची मोजल्या. 1977 च्या दुष्काळात बारीक बिया संपत गेल्या आणि गोखरूच्या जातकुळीतल्या काटेरी, टणक बिया तेवढ्या उरल्या; तेथील एका जातीचे सुमारे 85 टक्के पक्षी नाहीसे झाले आणि जे तगले ते प्रामुख्याने मोठ्या, जाड चोचीचे होते. बहुतेक वक्ते येथेच थांबतात. परंतु 1983 च्या सुमारास एल निनोमुळे, म्हणजे प्रशांत महासागराचे पाणी तापल्यामुळे, तेथे धो-धो पाऊस झाला, बारीक बियांचा सुकाळ आला आणि त्यानंतर लहान चोचीचे पक्षी सरस ठरू लागले. कोणत्याही पक्ष्याने स्वतःची चोच बदलली नव्हती. दोन्ही प्रकार समूहात शिल्लक होते, म्हणून निवडीला वाव मिळाला. आजचे साधन उद्या महागले, किंवा त्यावरचे नियम बदलले, तर वेगळ्या पद्धतीने काम करणारा एखादा विभाग तुमच्याकडे शिल्लक असेल का, हा प्रश्न बैठकीत अवश्य विचारावा.

उत्तर (दुसरी प्रत):
वरील मुद्द्याला एक जोड देतो. जनुकशास्त्रज्ञ सुसुमु ओहनो यांनी 1970 मध्ये मांडले की एखाद्या जनुकाची दुसरी प्रत तयार झाली, तर मूळ प्रत नेहमीचे काम सांभाळते आणि दुसरीला बदलण्याची मोकळीक मिळते. याचा उत्तम दाखला जीवशास्त्रज्ञ रिचर्ड लेन्स्की यांच्या प्रयोगात सापडतो. त्यांनी 1988 मध्ये ई. कोलाय जीवाणूंच्या 12 वसाहती वाढवायला घेतल्या आणि दर 500 पिढ्यांनी नमुने गोठवून ठेवले. पोषकद्रवात सायट्रेट (लिंबातील आम्लाचा क्षार) पहिल्यापासून होते, पण प्राणवायूच्या सान्निध्यात ते या जीवाणूंना वापरता येत नव्हते. सुमारे 31,500 पिढ्यांनंतर एकाच वसाहतीला ते साधले. गोठवलेले नमुने पुन्हा वाढवून पाहिले, तेव्हा साधारण 20,000 व्या पिढीनंतरच्या नमुन्यांतूनच ही क्षमता पुन्हा उगवली, म्हणजे तिची पूर्वतयारी आधीच गुपचूप झाली होती. शेवटचा निर्णायक बदलही एका जनुकाची जादा प्रत योग्य जागी पडल्याने घडला. साधन आल्याबरोबर 'आता ही माणसे जादा झाली' असा हिशेब करणाऱ्यांनी हे वाचावे, कारण अनुभवी कर्मचाऱ्यांचा मोकळा झालेला वेळ हीच संस्थेची दुसरी प्रत असते.

उत्तर (शंकेखोर):
साम्य फार ताणू नये, असे माझे मत आहे. उत्क्रांतीला दूरदृष्टी नसते, संस्थेला ती असू शकते; शिवाय एका विभागाचे शहाणपण दुसऱ्याला पुढच्या पिढीची वाट न पाहता शिकवता येते. आणि 85 टक्के मृत्यू ही निसर्गाच्या लेखी एक घटना असते, व्यवस्थापनाच्या लेखी ती नामुष्की ठरावी. निवडीचा निकष चुकला तर काय होते, याबाबत मात्र हे शास्त्र फार उपयोगी आहे. जनुकशास्त्रज्ञ विल्यम म्युर यांनी 1996 मध्ये प्रसिद्ध केलेल्या कोंबड्यांवरील प्रयोगात एकेकट्या कोंबडीऐवजी संपूर्ण पिंजऱ्याच्या कामगिरीवरून निवड केली. एकट्याने भरपूर अंडी देणारी कोंबडी अनेकदा शेजारणींना टोचून पुढे गेलेली असते. गटावर निवड केल्यावर मृत्यूचे वार्षिक प्रमाण काही पिढ्यांतच 68 टक्क्यांवरून सुमारे 9 टक्क्यांवर आले. साधन वापरून कोणी किती मसुदे काढले याचे तक्ते भिंतीवर लावणाऱ्या संस्था नेमकी टोचणारी कोंबडी निवडत आहेत; त्या मसुद्यांतील चुका निस्तरणाऱ्याचे नाव कोणत्याच तक्त्यात येत नाही.

प्रश्नकर्ता (कार्यपद्धती):
आभारी आहे. संपूर्ण विभागाच्या कामावरून मोजमाप करण्याचा प्रस्ताव मी मांडणार आहे. जुनी पद्धत समांतर किती काळ चालू ठेवावी?

उत्तर (दुसरी प्रत):
ठरावीक मुदत सांगता येणार नाही. वर्षअखेरीचा हिशेब, लेखापरीक्षण किंवा कामाचा अचानक वाढलेला भार, असा तुमच्याकडचा सर्वांत कठीण प्रसंग नव्या पद्धतीने एकदा निभावून नेईपर्यंत तरी ती बंद करू नये. बंद केल्यानंतरही तिची नोंद इतक्या तपशिलाने ठेवावी की नव्या माणसाला ती वाचून काम सुरू करता येईल. लेन्स्की यांना मागे जाता आले ते गोठवलेल्या नमुन्यांमुळेच.