ट्रिगर व्हील डॅम्परच्या बाहेरच्या कड्यावर बसवले. टायमिंग बरोबर दिसते, तरी गाडी ओढत नाही

नाशिकरोडचा हौशी:
नमस्कार. माझ्या जुन्या गाडीच्या चार सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनाचा डिस्ट्रिब्यूटर काढून सहा महिन्यांपूर्वी मी संगणकावर चालणारे इग्निशन बसवले. ३६ पैकी एक दात वगळलेले ट्रिगर व्हील (सेन्सरला क्रँकची स्थिती कळवणारी दातेरी चकती) अंबडला ३ मिमी माइल्ड स्टीलच्या पत्र्यातून लेझरने कापून घेतले आणि क्रँकच्या डॅम्परच्या बाहेरच्या कड्याला भोके पाडून, आटे मारून चार स्क्रूंनी आवळले. सुरुवातीला गाडी उत्तम चालली. आता मात्र कसारा घाट चढताना ती ओढत नाही आणि तापते. टायमिंग लाइट (ठिणगीबरोबर लुकलुकणारा दिवा) लावून पाहिली, तर खूण बरोबर १० अंशांवर दिसते. लॅपटॉपवर ५ अंश ॲडव्हान्स (ठिणगी आधी पाडणे) वाढवला की गाडी पूर्ववत पळते. तो तसाच ठेवावा का?

सातपूरचा मेकॅनिक:
मुळीच ठेवू नका. डॅम्पर म्हणजे आतला हब, त्यावर रबराचा पट्टा आणि त्याबाहेर जड कडे. हब क्रँकला चावीने पक्का बसतो. कडे केवळ रबराच्या पकडीवर असते. क्रँकला बसणारे पिळाचे हेलकावे शोषून घेण्यासाठी ते हबपेक्षा किंचित वेगळे हलावे, हीच त्याची रचना आहे. त्यामुळे डॅम्पर नवा असला तरी दात मोजण्यासाठी ते कडे योग्य जागा नव्हे. शिवाय रबर जुने झाले आणि कड्यावर बेल्टचा ओढा असला, की ते हळूहळू मागे सरकते. तुमचे व्हीलही कड्यावर आणि टायमिंगची खूणही कड्यावर. दोन्ही एकत्र सरकल्यावर टायमिंग लाइटला काय कळणार? ती तुम्हाला १० अंश दाखवत राहील आणि ठिणगी उशिरा पडेल.

खात्रीसाठी बॅटरी सोडवा, सगळे प्लग काढा आणि पहिल्या सिलिंडरच्या प्लगच्या जागी पिस्टन स्टॉप (पिस्टनला वर जाताना अडवणारा दांडा) लावा. क्रँक पान्याने हाताने फिरवा (स्टार्टर चुकूनही मारू नका). पिस्टन टेकला की इंजिनवरच्या टायमिंगच्या काट्यासमोर कड्यावर खूण करा, मग उलट फिरवून पुन्हा टेकवा आणि दुसरी खूण करा. दोन्हींचा मध्य हा खरा टीडीसी, म्हणजे पिस्टन अगदी वर असण्याची जागा.

नाशिकरोडचा हौशी:
काल संध्याकाळी करून पाहिले. खऱ्या टीडीसीला कारखान्याची खूण काट्याच्या ७ मिमी मागे राहते. डॅम्परचा व्यास १६० मिमी, म्हणजे परिघावर एक अंश सुमारे १.४ मिमी होतो; फरक बरोबर ५ अंशांचा निघाला. हबपासून कड्यापर्यंत पांढऱ्या रंगाची रेघही ओढली होती. आज सकाळी नाशिकच्याच द्वारका चौकापर्यंत जाऊन आलो, तर ती रबरापाशी तुटलेली दिसली.

लेथवर २२ वर्षे:
म्हणजे कडे अजूनही सरकत आहे. पूर्ण सैल होऊन ते निसटले, तर रेडिएटर आणि बेल्ट दोन्ही जातील. डॅम्पर बदलेपर्यंत गाडी बाहेर काढू नका. डॅम्पर बदलाच.

नव्या डॅम्परच्या हबवर, पुलीचे बोल्ट लागतात त्या सपाट तोंडावर व्हील बसवा. बोल्टच्या भोकांवर केंद्र धरू नका, कारण त्यांत फट असतेच. लेथवर हबला लहानशी पायरी काढून व्हीलचे मधले भोक तिच्यावर अलगद दाबून बसेल असे करा. बोल्टने फक्त आवळायचे. वेल्डिंगचा विचारही नको, त्या उष्णतेने शेजारचे रबर जळते. नंतर डायल गेज लावून एक फेरा द्या. व्हीलची डगमग ०.१ मिमीच्या आत आल्याशिवाय मी काम सोडत नाही. व्हीआर सेन्सर (चुंबकाने दात ओळखणारा) असेल तर हे विशेष महत्त्वाचे, कारण अंतर कमीजास्त झाले की त्याचा सिग्नलही कमीजास्त होतो आणि स्टार्टर मारताना, जेव्हा तो आधीच क्षीण असतो, काही दात हुकतात. सेन्सरचे ब्रॅकेट इंजिनच्या ब्लॉकला धरा. पत्र्याच्या टायमिंग कव्हरला धरलेली ब्रॅकेट थरथरताना मी पुष्कळ पाहिली आहेत.

सातपूरचा मेकॅनिक:
एक राहिले. पिस्टन स्टॉपने टीडीसी पुन्हा काढा, नवी खूण हबवरच कोरा आणि लॅपटॉपवर वाढवलेले ते ५ अंश आठवणीने काढून टाका, नाहीतर घाटात इंजिन खडखडेल.