झेडपी शाळेसाठी टॅब घ्यावेत की टीव्ही?

पाटीवाली
नमस्कार मंडळी. हवेली तालुक्यात आमची द्विशिक्षकी शाळा, पहिली ते चौथी, पट ३१. माजी विद्यार्थ्यांनी साठेक हजार जमवलेत. त्यांना टॅबच द्यायचेत, फोटो छान येतो म्हणून (हे माझं मत, ते असं म्हणत नाहीत!). माझ्याकडे पहिली-दुसरी एकत्र बसते. इंटरनेट म्हणजे माझाच मोबाईल. गुरुवारी लाईट जाते. काय घ्यावं?

कसबेकर
टीव्ही, ४३ इंची. प्रोजेक्टरच्या फंदात पडू नका. खिडक्या लावल्याशिवाय चित्र दिसत नाही, आणि लावल्या की पोरं पेंगतात. दुकानात पेनड्राईव्ह घेऊन जा आणि तिथेच चालवून बघा. पेनड्राईव्ह फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाईल बसतच नाही, मग सगळे टीव्हीला शिव्या घालतात. मोबाईल केबलने जोडणार असाल तर तोही सोबत न्या. बऱ्याच स्वस्त फोनच्या चार्जिंगच्या खाचेतून चित्र बाहेर येत नाही.

गुरुजी_मुळशी
कसबेकर, तुम्ही बहुवर्ग शिकवलेला दिसत नाही. दुसरीला व्हिडिओ लावला की पहिलीची पाटी खाली पडलीच म्हणून समजा. अशा वर्गात मोजके टॅब खरे कामाचे. एक गट टॅबवर, तोवर मॅडम दुसऱ्या गटाला वाचन घेतात. जीकॉम्प्रिस हे लहान मुलांच्या शैक्षणिक खेळांचं ॲप फुकट आहे, जाहिराती नाहीत, एकदा उतरवलं की नेट लागत नाही. दीक्षा या सरकारी ॲपवरचे धडेही पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करून घरीच उतरवून ठेवता येतात.

पण आधी एक काम करा. शेजारच्या एका शाळेला देणगीतून टॅब मिळाले, ते कपाटातच राहिले. डेडस्टॉकला, म्हणजे शाळेच्या सामानाच्या वहीत, नोंद झालेली, फुटला तर भरायचं कोणी? वापराविना बॅटऱ्या गेल्या. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव आधी करून घ्या: वापरताना फुटला तर शिक्षकाकडून वसुली नाही. केंद्रप्रमुखांच्या कानावरही घाला. टॅब कुठल्या कंपनीचा, हा प्रश्न त्यानंतरचा.

पाटीवाली
ठरावाचं डोक्यातच आलं नव्हतं, सर. पण चारच टॅब घेतले तर मारामाऱ्या नाही का होणार?

गुरुजी_मुळशी
होणार की! गटात एकाचं बोट, बाकीच्यांनी तोंडी सांगायचं, आणि पाळी भिंतीवर लिहून ठेवायची. पाळीवरून पोरं आपल्यापेक्षा कडक असतात. आवाज मात्र बंद ठेवा, नाहीतर दुसरा गट वाचणार नाही.

बिनतारी
चारही टॅब एकाच मॉडेलचे घ्या, चार्जर अदलाबदल करता येतात. बुधवारी शाळा सुटताना चार्जिंगला लावून, भरले की काढूनच घरी जा. गुरुवारचा प्रश्न मिटला, इन्व्हर्टरचा खर्चही वाचला.

पाटीवाली
मग चार टॅब आणि उरलेल्यात टीव्ही, तो तिसरी-चौथीच्या खोलीत. ठराव शनिवारच्या सभेत ठेवते. टीव्ही किती उंच लावू? पोरं सतरंजीवर बसतात.

कसबेकर
फळ्याच्या वर नको, माना दुखतील. फळ्याशेजारीच लावा, पण खिडकीसमोरची भिंत टाळा, चकाकतो. आणि खिळे मारण्याआधी शेवटच्या रांगेत स्वतः बसून बघा.